लीलाबाईचा उलटा ताप

तीन प्रश्न

वऱ्हाडात कुणाची जात थेट विचारत नाहीत. आधी गाव विचारतात, मग बापाचं नाव, मग घर गावाच्या कोणत्या अंगाला आहे ते. तिसऱ्या प्रश्नापर्यंत काम होऊन जातं. गोदाबाईचं दुसऱ्यातच झालं.

"कोन्या गावची वं तू?"

"हिवरखेडची."

"कोनाची?"

"श्रावण तेलगोट्यांची."

"बरं," गोदाबाई म्हणाली आणि सुनेच्या अंगावरची गोधडी तिने जराशी आपल्याकडे ओढून घेतली.

१९५९ सालचा पौष महिना. अमरावतीतलं एक धर्मादाय प्रसूतिगृह, चौदा खाटांचं. पंचफुला तिथे नर्सचं काम शिकत होती, दुसऱ्या वर्षाला. तिच्या बापाने दोन वर्षांपूर्वी बौद्ध धर्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव पाण्यात सोडताना त्याने मागे वळून पाहिलं नव्हतं, आणि पोरीला शिकायला पाठवतानाही पाहिलं नाही. प्रसूतिगृहाच्या सेक्रेटरीसाहेबांनी तिला घेतलं ते अटीवर. दोन वर्षं तक्रार आली नाही तर पुढे कायम, आणि तिच्यामागून अर्ज केलेल्या चुलतबहिणीचा, मैनाचा, विचारही तेव्हाच होणार होता.

सातव्या खाटेवर गोदाबाईची सून, लीलाबाई. दर्यापूरकडच्या खेड्यातली, वीस वर्षांची, पहिलटकरीण. बाळंतपण अडलं म्हणून बैलगाडीने दर्यापूर आणि तिथून मोटारीने अमरावती. मुलगी झाली. टाके पडले. तिसऱ्या दिवशी ताप चढला, पेनिसिलिनची इंजेक्शनं सुरू झाली, आणि डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की सकाळ-संध्याकाळ ताप बघायचा आणि कागदावर मांडायचा.

पंचफुला थर्मामीटर घेऊन खाटेजवळ गेली तेव्हा गोदाबाई उठून मधे उभी राहिली. आवाज चढवला नाही. उलट मायेनेच बोलली. बाई, तू तिथं ठेव, मी लावून देतो माह्या हातानं. तुलेही काम कमी अन् आमालेही बरं.

पंचफुलाने थर्मामीटर झटकून पारा उतरवला, खाटेच्या कडेला ठेवला आणि दोन पावलं मागे सरली.

उपकार

आता पंचफुलाला त्या वेळी काय वाटलं ते सांगायला हवं, कारण सगळी गोष्ट तिथेच अडली आहे.

तिला अपमान वाटला नाही. तिला हायसं वाटलं. तिसऱ्या खाटेवरच्या बाईच्या जावेने पंचफुला उभी होती त्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं होतं, ती तिथून हलायच्या आतच. अकराव्या खाटेवरच्या बाईच्या नवऱ्याने कचेरीत जाऊन दुसरी नर्स द्या म्हणून सांगितलं होतं. त्या मानाने गोदाबाई म्हणजे सावली. ती ओरडत नव्हती, तोंड वाकडं करत नव्हती. संक्रांतीला तिने पंचफुलाच्या ओंजळीत तिळाचा लाडू टाकला. वरून टाकला, पण टाकला. पंचफुलाने त्या बाईचे मनातल्या मनात उपकार मानले.

आणि उपकाराच्या भरात आपल्या हातचं काम तिला देऊन टाकलं.

मग रोजचं ठरून गेलं. पंचफुला थर्मामीटर ठेवी. गोदाबाई तो उचलून व्हरांड्यात नेई, आपल्या पद्धतीने धुऊन आणी, सुनेच्या काखेत लावी. वेळ झाली की खिडकीपाशी उजेडात धरी. पंचफुला मान तिरकी करून आकडा वाची आणि कागदावर ठिपका देई. खाली स्वतःची सही. नऊ दिवस, अठरा ठिपके.

वॉर्डाच्या मुख्य नर्स माणिकबाई, अंजनगाव सुर्जीच्या, कडक बाई. पहिल्या वर्षी त्यांनी पंचफुलाला थर्मामीटर झटकायला शिकवलं होतं तेव्हा तीन फुटले होते, तरी त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना हे सातव्या खाटेचं पंचफुलाने सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, असं तिला वाटलं. की सांगायची लाज वाटली? दोन्ही.

कागदावरचा डोंगर

ताप असा येतो की सकाळी कमी, संध्याकाळी जास्त. शेतावर राबणाऱ्या बाईलाही हे ठाऊक असतं. लीलाबाईच्या कागदावर मात्र सकाळी एकशे दोन, एकशे तीन, आणि संध्याकाळी साडेअठ्ठ्याण्णव. दुसऱ्या दिवशी तेच. नवव्या दिवशीही तेच.

डॉक्टरीणबाईंनी कागद वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला. मग त्यांनी लीलाबाईला खोकायला सांगितलं. ती खोकली. खोकला कधीपासून, तर पावसाळ्यापासून. वजन उतरलंय का, तर हो, पोटुशी असतानाही भरलं नव्हतं. माहेरी कुणाला? लीलाबाई म्हणाली की आत्या गेली होती, खोकल्यानेच.

असा उलटा ताप क्षयाच्या एका वाईट प्रकारात येतो, असं डॉक्टरीणबाईंनी माणिकबाईंना हलक्या आवाजात सांगितलं. छातीचा फोटो काढायचा तर मशीन महिनाभर बंद. थुंकी तपासायला पाठवू, पण तोवर तान्ह्या मुलीचा जीव धोक्यात घालता येणार नाही. त्यांचं चुकलं असं कुणी म्हणू शकणार नाही. समोर अठरा ठिपके होते. त्यांनी ठरवलं की मुलीला आजपासून आईपासून वेगळं ठेवायचं, वरचं दूध द्यायचं, आणि सोमवारी बाईला क्षयाच्या दवाखान्यात पाठवायचं. पत्र त्या तयार करणार होत्या.

शब्द हलक्या आवाजात बोलला तरी चौदा खाटांपर्यंत पोचायला वेळ लागत नाही. दुपारी लीलाबाईचा नवरा किसनराव आला तो दारातच थांबला. त्याच्या काकाने त्याला बाजूला घेऊन काही सांगितलं. परत आला तेव्हा त्याच्या नाकावर रुमाल होता. लीलाबाईने तो रुमाल पाहिला आणि तोंड भिंतीकडे केलं. क्षयाची बाई सासरी नांदत नाही. ती माहेरी जाते, आणि वर्षभरात तिच्या जागी दुसरी येते. हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

पलीकडच्या खोलीत मुलगी बोंडल्याला तोंड लावीना. रडून रडून तिचा आवाज बसला. तो आवाज आला की लीलाबाईची चोळी भिजे.

व्हरांडा, दुसऱ्या दिवशी सकाळी

मुलीची दुपटी घ्यायला पंचफुला मागच्या व्हरांड्यात गेली. तिथे रोग्यांचे नातेवाईक चुली मांडून स्वयंपाक करत. गोदाबाई चुलीपाशी बसली होती. शेजारी बाळाच्या अंघोळीचं पाणी. आता अंघोळ घालायला बाळ नव्हतं, पण सवयीने तिने पाणी तापवलं होतं आणि कोपर बुडवून पाहिलं होतं. त्या पाण्यात तिने थर्मामीटर सोडला. चांगला खळबळला. तोंडाने काहीतरी पुटपुटली. मग पदराने पुसला आणि आत गेली.

पंचफुला दुपटी तिथेच टाकून चुलीपाशी गेली.

बाळाच्या अंघोळीचं पाणी. कोपराला सोसेल एवढं. तिने वॉर्डातून दुसरा थर्मामीटर आणला, झटकला आणि त्याच पाण्यात धरला. एकशे तीन. पारा एकदा चढला की झटकल्याशिवाय उतरत नाही, मग तो कुणाच्याही काखेत लावा. आणि संध्याकाळी? संध्याकाळी चूल विझलेली असे, पाणी निवलेलं असे, आणि थर्मामीटर खरं बोले: टाक्यांचा ताप पेनिसिलिनने केव्हाच उतरला होता.

पंचफुलाच्या स्पर्शाचा विटाळ धुऊन काढायला गोदाबाईने पाणी वापरलं होतं. त्या पाण्याचा ताप पंचफुलाने सुनेच्या नावावर मांडला होता.

न बोलता सुटण्याचा रस्ता

होता की. आजपासून काही करून ताप स्वतः घ्यायचा. आकडे आपोआप उतरतील. पण माणिकबाई एकदा म्हणाल्या होत्या की क्षयात ताप चार दिवस उतरतो आणि पुन्हा चढतो. म्हणजे कागद सुधारला तरी सोमवारचं पत्र जाणारच. पंचफुलाची नोकरी राहील, मैनाचा अर्ज राहील. सातवी खाट तेवढी रिकामी होईल.

तिने पाठकोरा कागद घेतला.

पहिला कागद:
*खाट सातच्या रोग्याची सासू थर्मामीटर गरम पाण्यात धुते. त्यामुळे पारा चढतो. ही गोष्ट आज माझ्या लक्षात आली.*

एकूण एक शब्द खरा. पण वाचताना तिला दिसलं की चूक करताना ती त्यात कुठेच नाही, आणि हुशारी दाखवताना मात्र आहे. फाडला.

दुसरा कागद:
*खाट सातच्या रोग्याचे नातेवाईक मला रोग्यास शिवू देत नाहीत. म्हणून थर्मामीटर त्यांच्या हाती द्यावा लागला.*

हेही खरं. हे तर फार जुनं खरं. पेन त्यावर थांबून राहिलं. बाप इथे असता तर म्हणाला असता, हाच दे, मोठ्याने वाचून दे. आणि तो चुकला नसता. पण पंचफुलाला 'द्यावा लागला' हे शब्द सोडवेनात. कुणी हिसकावून घेतला नव्हता. त्या बाईने शिवू दिलं नाही ही त्या बाईची गोष्ट, तिचा जाब तिने द्यावा. मी माणिकबाईंना सांगितलं नाही, वर अठरा सह्या केल्या, ही गोष्ट माझी. तिने तो कागद फाडला नाही. घडी करून ट्रंकेत ठेवला. त्याचाही दिवस येईल.

तिसरा कागद:
*खाट सातच्या रोग्याचा ताप मी नऊ दिवस स्वतः घेतला नाही. दुसऱ्याने घेतलेले आकडे मी माझे म्हणून लिहिले. सकाळचे आकडे चूक आहेत, ते धरू नयेत.*

खाली सही, एकोणिसावी.

माणिकबाई

माणिकबाई सुया उकळत होत्या. त्यांनी कागद वाचला, उलटून मागे काही आहे का ते पाहिलं.

"अक्षर सुधारलं तुह्यं," त्या म्हणाल्या.

पंचफुलाला रडू फुटलं. नोकरी जाईल का, असं तिने विचारलं.

"जाऊ शकते. मी खोटं नाही सांगत. पन तू आत्ता गेली नाही तं सोमवारी ते पोरगी जाईन." त्यांनी स्टोव्ह बंद केला, हात पुसले. "चाल. मी संगं येतो. बोलनार मात्र नाही. बोलायचं तुलेच हाय."

दवाखान्यात आल्यापासून पंचफुलाच्या सोबत कुणी मुद्दाम चालत गेलं नव्हतं. व्हरांडा पंचवीस पावलांचा. ती पावलं तिला पुढे आयुष्यभर पुरली.

डॉक्टरीणबाई ओरडल्या नाहीत. त्यांनी किती दिवस, किती वेळा, पाणी कसलं, हे एकेक विचारून घेतलं. मग मागच्या नऊ दिवसांवर लाल पेन्सिलीने तिरकी रेघ मारली. त्या म्हणाल्या की या कागदावर विश्वास ठेवून मी एका लेकराला आईपासून तोडलं, पंचफुला. हे तू विसरू नकोस, आणि मीही विसरणार नाही. इतका विचित्र ताप दिसल्यावर एकदा मीच का नाही बघितला? सेक्रेटरीसाहेबांना त्या कळवणार होत्या. लपवता येणार नव्हतं. पण आधी तीन दिवस, दर चार तासांनी नवा कागद.

"आणि घेणार कोण?" त्यांनी माणिकबाईंकडे पाहिलं.

"हेच पोरगी. दुसरं कोन?" माणिकबाई म्हणाल्या. बोलणार नाही असं ठरवून आल्या होत्या, पण बोलल्या.

खाट सात, पुन्हा

सगळ्यात अवघड ती पंचवीस पावलं नव्हतीच. अवघड होतं गोदाबाईसमोर उभं राहणं.

पंचफुलाने तिला सगळं सांगितलं. पाणी, पारा, सकाळ, संध्याकाळ. गोदाबाई ऐकत राहिली. तिचा चेहरा हळूहळू मातीसारखा झाला.

"म्हंजे माह्या हातानं झालं हे? माह्या नातीले मी तोडलं?"

"नाही आजी. तुमाले पाऱ्याचं काय माहीत? मले माहीत होतं. माह्या हातचं काम मी तुमच्या हातात दिलं."

"काहून देलं मंग?"

याचं खरं उत्तर पंचफुलाने मनातच ठेवलं. तुम्ही गोड बोललात म्हणून. ती एवढंच म्हणाली की आता मला स्वतः घेऊ द्या. गोदाबाईची नजर शेजारच्या खाटांवरून फिरून आली. त्या खाटांवर दर्यापूरकडच्या आणखी दोघीजणी होत्या, आणि गावात परत जायचं होतं.

इतक्यात भिंतीकडे तोंड करून पडलेली लीलाबाई या कुशीवर वळली. बारा दिवसांत तिचा आवाज कुणी धड ऐकला नव्हता.

"ताप माह्या आंगात हाय का तुमच्या, आत्याबाई?" ती म्हणाली. सासू चपापली. लीलाबाईने चोळीची बाही वर सारली आणि हात उचलून धरला, काख उघडी. "लाव वं बाई. मले तं आजलोक कोनं इचारलंच नाही."

पंचफुलाने थर्मामीटर झटकला आणि लावला. लीलाबाईचा दंड तिने आपल्या हाताने मिटून धरला, जसं शिकवलं होतं तसं. तीन मिनिटं. हात गार होता. थंडीचे दिवस होते.

अठ्ठ्याण्णवला थोडं कमी.

बारा दिवसांत आपणही तिला विचारलं नाही, हे पंचफुलाला त्या तीन मिनिटांत समजलं. दोघीजणी तिच्या खाटेवरून एकमेकींशी बोलत होत्या, सासू आणि नर्स. सौदा दोघींचा होता आणि अंग तिचं.

त्यानंतर तीन दिवस दर चार तासांनी हेच चाललं. वेळ झाली की गोदाबाई पायऱ्या उतरून अंगणात जाई आणि वॉर्डाकडे पाठ करून कडुनिंबाखाली उभी राही. तिने पाहिलं नाही, म्हणजे गावात कुणी विचारलं तर सांगण्यासारखं काही नाही. बाईने शोधलेला हा रस्ता पाहून पंचफुलाला एकदा हसूच आलं. लीलाबाईलाही. ती पुटपुटली, "आमच्या आत्याबाईचे पाय दुखून राहिले आसन आता."

मधेच, अकोला, १९६६

पंचफुला तेव्हा अकोल्याला मुख्य नर्स होती. मैना तिच्याच हाताखाली शिकून बुलढाण्याला गेली होती. अमरावतीच्या त्या कागदावर सेक्रेटरीसाहेबांनी काय केलं? तिची शिकायची मुदत सहा महिन्यांनी वाढवली, तेवढ्या काळाचा पगार नाही, पण काढून टाकलं नाही. काढायचंच त्यांच्या मनात होतं म्हणतात. पण कचेरीचा शिपाई ओमप्रकाश याने तिला नंतर सांगितलं की एक म्हातारी डोक्यावर पदर घेऊन साहेबांच्या दारात येऊन उभी राहिली होती. आत चला म्हटलं तर आली नाही. उंबऱ्यातूनच म्हणाली, पानी माह्यं होतं, त्या पोरीले काढू नका, अन् गेली. डॉक्टरीणबाईंनीही वेगळं पत्र दिलं होतं, त्यात स्वतःची चूक आधी लिहिली होती.

अकोल्यात एका समारंभात कुणीतरी विचारलं की ताई, तुम्ही घडल्या कुणामुळे. पंचफुलाने माणिकबाईंचं नाव घेतलं. मग म्हणाली, "अन् दुसरं नाव लीलाबाईंचं. दर्यापूरकडच्या." त्या कोणत्या दवाखान्यात नर्स होत्या, असं विचारणाऱ्याने विचारलं. सातव्या खाटेवर, असं तिने सांगितलं, आणि पुढे सांगायला लागली तर चहा आला.

चौथा दिवस

तीन दिवसांच्या नव्या कागदावर ठिपके एका ओळीत उभे होते, पेरलेल्या सरकीसारखे. थुंकीतही काही निघालं नाही. डॉक्टरीणबाईंनी छाती पुन्हा ऐकली. खोकला साधाच, चुलीच्या धुराचा आणि अशक्तपणाचा. सोमवारचं पत्र त्यांनी लीलाबाईच्या देखत फाडलं आणि किसनरावला बोलावून पाच मिनिटं असं काही सुनावलं की तो रुमाल खिशात कोंबतच बाहेर आला.

मुलीला आणायला पंचफुला गेली. पाच दिवस बोंडल्यावर राहून मुलगी हलकी झाली होती. कापसाच्या गाठोड्यासारखी. आईजवळ ठेवली तर तिला छाती ओळखू येईना. तोंड इकडे तिकडे फिरवी, रडे, थके. लीलाबाईचं दूध आटत आलेलं. ती घाबरली.

पंचफुला खाटेच्या कडेला बसली. बोटाने दुधाचा एक थेंब मुलीच्या ओठांना लावला, डोकं तळहातावर घेतलं, पुन्हा जवळ नेलं. नाही. पुन्हा. नाही. अर्धा तास गेला. पायऱ्यांवर गोदाबाई उभी होती, या वेळी वॉर्डाकडे तोंड करून.

मग मुलीने एकदाची पकड घेतली. गळ्यातून आवाज आला, एक घोट, थांबून आणखी एक. लीलाबाईने डोळे मिटले आणि पंचफुलाचं मनगट घट्ट धरलं.

"लय उपकार झाले बाई तुह्ये," ती म्हणाली.

"उलटं बोलून राहिली तू," पंचफुला म्हणाली. "म्या तं तुह्यं लेकरू तोडलं होतं. तू हात वर केला म्हणून."

"तू सांगतलं म्हणून म्या केला."

"आता यावर भांडतं का?"

"भांडीन," लीलाबाई म्हणाली, आणि हसता हसता मुलीची पकड सुटली, मुलगी चिडून रडली, आणि दोघींनी मिळून तिला पुन्हा लावलं.